सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा : येणारे-जाणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

मे महिना लागला की आमच्या घरी दोन गोष्टी वाढतात, फणसाचे गरे आणि मुंबई-पुण्याहून येणारे फोन. "वाडीला येतोय, खेळणी कुठे चांगली मिळतील?" इथपासून ते "गंजिफा म्हणजे नक्की काय गं?" इथपर्यंत. मी स्वतः कारागीर नाही, पण कारागिरांच्या चितारआळीपासून दोन वळणांवर वाढले, त्या लाकडाच्या भुशात खेळले. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

सावंतवाडी हे इंग्रजांनी वसवलेलं गाव आहे का?

नाही. हे सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचं गाव, जुनं नाव सुंदरवाडी. परदेशी व्यापाऱ्यांचा राबता होता तो खाली वेंगुर्ल्याला. तिथे सतराव्या शतकात डच लोकांची वखार होती. गोव्यातल्या पोर्तुगिजांची कोंडी करायला येणारी त्यांची जहाजं वेंगुर्ल्यात अन्नपाणी भरून घेत. त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. १८१२ साली वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं आणि १८३८ मध्ये खुद्द संस्थानाचा कारभारही त्यांनी हातात घेतला. गादीवर राजा, पण दप्तर साहेबाच्या ताब्यात, असा तो काळ. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून बेळगावच्या छावणीला जाई.

हे सगळं सांगायचं कारण असं की आमच्या कारागिराचं गिऱ्हाईक या रस्त्याने बदलत गेलं. आधी दरबार आणि देवळं, मग साहेब आणि त्याची मडम, मग मुंबईचा चाकरमानी, आता गोव्याला जाता-जाता थांबणारा पर्यटक. प्रत्येकाला वेगळी वस्तू हवी होती आणि चितारी ती करत गेला. त्यामुळे "अगदी पूर्वीपासून चालत आलेली अस्सल वस्तू दाखवा" असं कुणी दुकानात म्हटलं की मला जरा हसू येतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो हात. वस्तू बदलत राहिल्या.

चितारी म्हणजे कोण?

चित्रं काढणारा, रंगवणारा तो चितारी. पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, देवळातलं रंगकाम ही त्यांची पिढीजात कामं. त्यांची वस्ती ती चितारआळी. पुढे तेच आडनावही झालं. घरातलं काम वाटून घेतलेलं असतं. कातकाम बहुतेक पुरुषांकडे, घासणं आणि रंगवणं यात बायकांचा हात मोठा. माझ्या लहानपणी शेजारची काकी एका मांडीवर नातू आणि दुसऱ्या मांडीजवळ रंगाची वाटी घेऊन केळी रंगवायची. पन्नास केळी, सगळ्यांवर काळे ठिपके वेगवेगळे. "पिकला केळा कधी सारख्या दिसता काय?" असं म्हणायची.

लाकडी फळं, खेळणी कसली असतात? सागवानाची का?

बहुतेक लोकांचा तोच समज असतो. खेळण्यांसाठी जुनं पसंतीचं झाड म्हणजे पांगारा. कोकणात कुंपणाला लावतात, मिरवेल चढवायला लावतात, शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलतो, तो काटेरी पांगारा. लाकूड हलकं, मऊ, कातायला सोपं. सागाचं सीताफळ केलं तर ते वरवंट्यासारखं जड होईल आणि किंमतही तशीच होईल. आता पांगारा पूर्वीसारखा मुबलक मिळत नाही, म्हणून आंबा, शिवण अशी लाकडंही वापरतात. पाट-चौरंगासारख्या वजन पेलणाऱ्या वस्तूंना टणक लाकूडच लागतं.

लाकूड आधी नीट वाळवायचं. इथल्या हवेत हेच सगळ्यात अवघड काम. घाई केली तर दोन महिन्यांनी कलिंगडाला तडा जातो. मग ओबडधोबड तुकडा पाडून लेथवर, म्हणजे जुन्या भाषेत खरादीवर चढवायचा. गोल वस्तू तिथेच आकाराला येते. केळ, मिरची, भेंडी, काजूचं बोंड असलं वाकडंतिकडं काम मात्र हाताने तासावं लागतं. नंतर भेगा-छिद्रं बुजवायची, पॉलिशपेपरने घासायचं, अस्तराचा रंग द्यायचा, पुन्हा घासायचं आणि शेवटी खरा रंग. दुकानात बसून "एवढासा पेरू आणि एवढी किंमत?" म्हणणाऱ्याने एकदा सकाळभर नुसतं घासायला बसावं, इतकीच माझी इच्छा आहे.

मग "लाखेचं काम" म्हणतात ते कुठलं?

ते वेगळं. लाखेत रंग मिसळून कांड्या करतात. वस्तू लेथवर गरगर फिरत असताना कांडी तिच्यावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. लाखकामात वरून केवड्याचं पान दाबून फिरवतात, त्याने चकाकी येते. लाख चढलेली वस्तू हाताला गुळगुळीत लागते आणि रंगाचा पोपडा सुटत नाही. आज बाजारात दिसणारी बरीचशी फळं मात्र डब्यातल्या रंगाने रंगवलेली असतात. त्यात फसवणूक काही नाही, पण दुकानदाराने विचारल्यावर सरळ सांगितलं पाहिजे.

गंजिफा म्हणजे पत्तेच ना?

पत्तेच, पण गोल. शब्द फारसी आहे आणि खेळ मुघलांबरोबर इकडे आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. मुघल संचात आठ रंग (म्हणजे आपल्या इस्पिक-बदामसारखे गट) आणि ९६ पानं. आपल्याकडे त्याचा दशावतार झाला, म्हणजे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. राजाच्या पानावर खुद्द अवतार. साध्या पानांवर त्याची खूण, जसे मत्स्याला मासे, परशुरामाला परशू.

ज्या मुलखात रात्रभर दशावताराचे खेळ बघत माणसं मोठी होतात, तिथे हे पत्ते रुजले यात नवल नाही. वाडीत अशी गोष्ट सांगतात की अठराव्या शतकात तिसऱ्या खेमसावंतांच्या दरबारी तेलंगणातून विद्वान आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला. चितारी तयारच होते. रंग होते, लाख होती, हात होता.

पानं कशाची? कागदाची का?

हा प्रश्न मी लहानपणी एका म्हाताऱ्या कारागिरालाच विचारला होता. उत्तर आलं, "कागद न्हय तो, फडको आसा." जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. वाळल्यावर त्यावर पांढऱ्या मातीचं किंवा खडूचं अस्तर द्यायचं, गुळगुळीत दगडाने घोटायचं, गोल कापायचं, मग रंगवायचं आणि वर लाखेचा हात. म्हणून पान टणक होतं आणि टाकल्यावर टक्‌ असा आवाज येतो. श्रीमंतांसाठी हस्तिदंताची, कासवाच्या कवचाची पानंही पूर्वी होत. आज अनेक संच जाड कागदाच्या पुठ्ठ्यावर करतात. त्यावर हाताने रंगवलेलं असेल तर मला त्यात गैर वाटत नाही.

पेटीकडेही बघा. सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, तिच्यावरही अवतार काढलेले. कितीतरी लोक पानं बघतात आणि पेटी पिशवीत टाकतात.

हा खेळ खेळतात कसा?

तिघांत खेळला तर प्रत्येकी ४० पानं. गोल आणि जाड पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून चादर अंथरून तिच्यावर पसरून कालवतात. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. हुकूम नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्यातलं मोठं पान हात घेऊन जातं.

आता मेख. राजा आणि प्रधान सगळीकडे मोठे, पण त्यांच्या खाली पाच रंगांत दश्शी मोठी आणि उतरत जाऊन एक्का लहान. उरलेल्या पाच रंगांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. त्यात कुठलं पान येऊन गेलं हे १२० पानांत लक्षात ठेवायचं. नवखा माणूस पहिल्या तासात चारदा तरी आपलंच चांगलं पान फुकट घालवतो. मी अजूनही घालवते. मुलांना शिकवायचं असेल तर आधी चारच रंग काढून घ्या.

हे काम मध्यंतरी बंद पडलं होतं, असं ऐकलं. खरं का?

जवळजवळ. छापील पत्ते आले, स्वस्त, एका हातात मावणारे, बावन्नच. दरबाराचा आश्रयही संपला. गंजिफा रंगवणारे हात इतके कमी झाले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुंडलिक चितारी यांच्यासारखे एखाद-दुसरे वृद्ध जाणकारच उरले होते. त्या वेळी वाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी हे काम मनावर घेतलं. पुंडलिक चितारींकडून ही कला स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारागिरांना बसवलं आणि १९७० च्या दशकात लाखकाम-गंजिफाचं काम पुन्हा उभं केलं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या. २०१८ साली त्या गेल्या, तोवर रंगवलेल्या पानांत त्यांचं लक्ष असे. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये खाली मान घालून एक-एक पान रंगवत बसलेले कारागीर बघायला मिळतात. मोती तलावाच्या काठीच राजवाडा आहे, शोधावा लागत नाही.

साहेबाच्या काळात इथे आणखी काय बनत होतं?

हे फार कमी लोक विचारतात, आणि मला मात्र यावर तासभर बोलता येईल. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरच्या काळात इथल्या नावाजलेल्या वस्तू म्हणजे वाळ्याचं काम. वाळ्याच्या मुळ्यांचे पंखे, पेट्या, त्यावर जरीचं भरतकाम आणि हिरव्या चकाकत्या भुंग्यांचे पंख शिवलेले. पाणी शिंपडून वारा घेतला की सुवास. असला पंखा मडमेच्या हातात किती शोभत असेल! वाळा आमच्या परसात, भुंगे आमच्या रानात, जरतार बाहेरची आणि आवड तिसऱ्याच मुलखाची. आता नुसत्या वाळ्याचा एखादा साधा पंखा, एखादी जुडी बाजारात दिसते. भुंग्याचे पंख लावलेला मी एकच पाहिलाय, तोही एका जुन्या वाड्यात काचेच्या कपाटात.

दुसरं काम गव्याच्या शिंगाचं. विजयदुर्ग आणि वाडी दोन्हीकडे शिंगापासून डब्या, शोभेच्या वस्तू करत. ते आता मागू नका. गवा हा वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२ पासून, संरक्षित प्राणी आहे. कुणी "जुनं आहे, गुपचूप देतो" म्हणालं तर चार पावलं लांबच राहा.

गावात खरेदी कुठे करायची?

उभा बाजार आणि चितारआळी. गाडी तलावाकाठी लावा आणि चालत फिरा. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.

खरी वस्तू ओळखायची कशी?

मी एकदा स्वतः फसले आहे. गोव्यातल्या मैत्रिणीला भेट म्हणून एका संकेतस्थळावरून "सावंतवाडी गंजिफा" मागवला, कारण त्या आठवड्यात मला बाजारात जायला जमत नव्हतं. वाडीत राहून! पेटी उघडली तर छापील पानं, वर चकचकीत प्लास्टिकचा थर. मैत्रीण भली, काही बोलली नाही.

तेव्हापासून मी असं बघते. एकाच रंगाची दोन पानं शेजारी ठेवायची. हाताने काढलेले दोन मासे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एकाची शेपटी जरा फुगीर, एकाचा डोळा किंचित खाली. सगळे सारखे असतील तर ते छापील. पान कडेने बघायचं, थर दिसतात का, रंग कडेवर ओघळलाय का. बोटाने हलकेच फिरवलं तर रंगाची रेघ थोडी वर आलेली जाणवते.

लाकडी फळांत वजन आणि तळ बघा. देठ नुसता चिकटवलाय की भोक पाडून बसवलाय ते हलवून कळतं. रंगाखाली लाकडाच्या भेगा दिसत असतील तर घासण्यात घाई झालेली आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दुकानदाराला विचारायचं, "हे कुणी केलं?" जो ताबडतोब घर दाखवतो त्याच्याकडून घ्या. बाहेरगावचा यंत्रावर निघालेला मालही याच दुकानांत येतो, त्यामुळे विचारायला लाजू नका.

भौगोलिक मानांकन मिळालंय ना? मग चिंता कसली?

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण त्याने काय होतं ते नीट समजून घ्या. मानांकनाने नाव राखलं जातं, म्हणजे दुसरीकडे बनलेल्या वस्तूला हे नाव लावता येत नाही. त्यासाठी कारागिरांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करावी लागते, मानांकनाचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि कुणी नाव चोरलं तर तक्रार करायला कुणीतरी उठावं लागतं. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातून कुणी उभ्या बाजारात येऊन पेरू तपासणार नाही. रंगाचा दर्जा, लाकूड वाळलंय का, हे अजूनही तुमच्याच डोळ्यांनी बघायचंय.

तान्ह्या बाळाला ही खेळणी दिली तर चालतील?

दात येत असलेल्या, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला रंगवलेली फळं देऊ नका. ती शोभेची आहेत, त्यांचा रंग चघळण्यासाठी नसतो. बाळासाठी हवं असेल तर बिनरंगाचं किंवा लाखेचं मागा आणि कुठला रंग वापरलाय ते विचारून घ्या. कुणी विचारतं, आयएसआयचा शिक्का का नाही? २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा झाला, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. तेव्हा शिक्का नाही म्हणजे माल खोटा, असं नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलांना भातुकली द्या. जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, चूल. खेळून झिजली तर झिजू देत.

गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) लाकडी फळं टांगतात का?

अलीकडे शहरातल्या घरांत टांगतात, फोटो बघितलेत मी. गावात नाही. माटवीला कवंडाळ, हरणं, सुपारीचे घड, तवशी, नारळ असं त्या दिवसांत रानात-परसात आलेलं लागतं, आणि ते पाच-सात दिवसांत सुकतं, यातच माटवीची गंमत आहे. लाकडी फळांची खरी जागा रुखवतात आणि बैठकीतल्या टोपलीत.

पिंगुळीची चित्रकथी आणि ही कला एकच का?

एकच नाही, शेजारी म्हणा. पिंगुळी कुडाळजवळ. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे. चित्रांच्या पोथ्या उलगडत रामायण-महाभारतातली आख्यानं देवळात गाऊन सांगायची. संस्थानचा आश्रय त्यांनाही होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. गोठ्याचं संग्रहालय करून त्यांनी जुनी चित्रं आणि बाहुल्या जपल्यात. वाडीला आलात तर अर्धा दिवस काढून जाच.

घरी नेल्यावर कशी जपायची?

कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नको. थेट उन्हात ठेवू नका. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा श्रावणात ऊन पडलं की पेटी उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवा. लाकडी फळांखाली बारीक पिवळी पूड दिसली तर कीड लागली आहे, ते एक फळ लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

गंजिफाचं एखादं पान हरवलं तर संच वाया गेला का?

मुळीच नाही. पेटी घेऊन कारागिराकडे या, तो तेवढं पान करून देतो. आमच्या घरच्या संचातली वराहाची सत्ती अशीच गेली. बहुधा गणपतीत, चादर झटकताना. एक महिना ११९ पानांवर भांडत खेळलो आणि मग मी पेटी घेऊन गेले. कारागिराने बाकीची पानं हातात घेऊन उलटीसुलटी केली, रंग लावून बघितला आणि आठ दिवसांनी नवी सत्ती दिली. सुंदर. पण पाठ जरा जास्तच लाल. जुन्या पानांच्या पाठी आमच्या हातांनी काळवंडलेल्या. आता सत्ती कुणाकडे आहे ते सगळ्या डावाला आधीच कळतं. तक्रार केली तर तो म्हणाला, "खेळत ऱ्हवा, मळात ती."

चार वर्षं झाली. अजून ओळखू येते.